मेंदूत पाच गाठी, सीडी४ फक्त ४२: टॉक्सो की टीबी, आणि साध्या सेप्ट्रानवर भरवसा ठेवायचा का?

सिन्नरच्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात असं. मोठा भाऊ ३८ वर्षांचा, महिनाभर डोकं दुखत होतं, मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस काढले, मग डावा हात जड झाला आणि एका पहाटे फिट आली. नाशकात आणून एमआरआय केला तर मेंदूत पाच गाठी, रिपोर्टवर 'मल्टिपल रिंग एन्हान्सिंग लिजन्स' लिहिलंय. रक्त तपासलं तर एचआयव्ही पॉझिटिव्ह, घरात कुणाला कल्पनाच नव्हती, सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा ४२. पहिल्या डॉक्टरांनी टॉक्सो म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा परजीवीचा संसर्ग आहे म्हणून सेप्ट्रानच्या गोळ्या चालू केल्या, आज पाचवा दिवस. ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं की ह्या टीबीच्या गाठी आहेत, लगेच एकेटी म्हणजे टीबीची औषधं आणि स्टिरॉइड चालू करा. दादांचे प्रश्न तीन: कुणाचं ऐकायचं, एवढ्या मोठ्या आजाराला घसादुखीला देतात ती सेप्ट्रान कशी पुरेल, आणि घरात मांजर आहे, चार वर्षांची पुतणी दिवसभर तिच्याशी खेळते, तर मांजर सोडून देऊ का.

दादा, मी फिजिशियन आहे, नाशकात २२ वर्षं प्रॅक्टिस करते आणि एचआयव्हीचे पेशंट अगदी सुरुवातीपासून बघते. तुमचा भाऊ मी तपासलेला नाही, फिल्म बघितलेली नाही, त्यामुळे निदान मी इथून करणार नाही. पण अशा पेशंटसमोर मी काय विचार करते ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

आधी एक गोष्ट. टॉक्सो की टीबी ह्याचं उत्तर आज नुसत्या फिल्मवरून कुणीही छातीठोक देऊ शकत नाही, ते पहिले डॉक्टर नाही आणि दुसरेही नाही आणि मीही नाही. कडेने चमकणारी गोल गाठ म्हणजे रिंग, ती टॉक्सोची असते, टीबीची असते, पोटातल्या जंताच्या अळीची म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिसची असते, लिम्फोमा नावाच्या कॅन्सरची असते, बुरशीची असते, पू झाल्याची असते. काही खुणा असतात म्हणा, टॉक्सोच्या गाठी बहुतेक वेळा एकाहून जास्त असतात, मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लियात किंवा करड्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर बसतात, कधी रिंगच्या आत एका बाजूला चिकटलेला ठिपका दिसतो आणि तो दिसला की आम्ही जरा खूश होतो. टीबीच्या गाठी एकमेकींना चिकटून घोळक्याने असतात, सोबत मेंदूच्या आवरणाला सूज दिसते. पण ह्या सगळ्या खुणा आहेत, पुरावा नाही. म्हणून मी प्रश्नच बदलून घेते: आज कुठलं औषध आधी दिलं तर पंधरा दिवसांनी खरं काय ते आपल्याला समजेल?

आणि सीडी४ शंभराच्या खाली, आधी कुठलंही प्रतिबंधक औषध चालू नाही, गाठी अनेक, असा पेशंट असेल तर माझं उत्तर असतं: आधी टॉक्सोचं. म्हणजे तुमचे पहिले डॉक्टर चालले आहेत त्याच वाटेने.

का ते सांगते. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये उंदरासारख्या एका प्राण्यात सापडला, धनुष्यासारखा बाकदार दिसतो म्हणून ग्रीक भाषेतलं धनुष्य त्याच्या नावात आलं. हा बहुतेकांच्या अंगात शिरतो तेव्हा आपल्याला पत्ताही लागत नाही, फार तर चार दिवस कणकण, मानेला गाठ. मग तो मेंदूत आणि स्नायूंत बारीक पुटकुळ्यांसारखं कवच करून जन्मभर पडून राहतो. शेतकऱ्याला सांगायचं तर लव्हाळा बघा, वरून रान स्वच्छ दिसतं पण खाली गाठी तशाच असतात, खुरपणी चालू आहे तोवर डोकं वर काढत नाही. आपल्या अंगात ही खुरपणी सीडी४ पेशी करतात. त्या शंभराच्या खाली गेल्या की लव्हाळा फुटतो, आणि पन्नासच्या खाली तर जास्तच. म्हणजे भावाला हा संसर्ग आत्ता कुठून झाला असं नाही, टॉक्सो असेल तर तो कदाचित वीस-तीस वर्षांपासून आत होता. मांजरीचं उत्तर इथेच अर्धं मिळालं, पण ते पुढे बोलू.

ह्यातून एक टेस्ट समजून घ्या. टॉक्सोची आयजीजी नावाची रक्ततपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे गाठी टॉक्सोच्याच असं नाही, एवढंच कळतं की परजीवी कधीतरी अंगात शिरला होता, आणि आपल्याकडे असे निरोगी लोकही भरपूर आहेत. पण निगेटिव्ह आली तर मात्र मी खुर्चीत सरळ बसते, कारण मेंदूच्या टॉक्सोत जवळपास सगळ्यांची आयजीजी पॉझिटिव्ह असते. आयजीएम निगेटिव्ह आलंय तर टॉक्सो कसा असं नातेवाईक रिपोर्ट फडकवत विचारतात, तर जुना संसर्ग उलटून आलाय म्हटल्यावर आयजीएम निगेटिव्हच असणार, त्यात काही विशेष नाही. भावाची आयजीजी केलीय का ते विचारा, तुम्ही लिहिलेलं नाही.

आता सेप्ट्रान. हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि सहसा घरातला जो खर्च करायला तयार असतो तोच विचारतो. "मॅडम पैशाचं बघू नका, चांगलं औषध द्या." अहो हेच चांगलं आहे. पुस्तकातलं पहिलं औषध म्हणजे पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक ॲसिड. पण सल्फाडायझिन आपल्याकडे वेळेवर मिळायची मारामार, आणि सेप्ट्रान म्हणजे को-ट्रायमॉक्सॅझोल त्याच घराण्यातलं, परजीवीला फोलेट बनवायची जी साखळी लागते ती दोन ठिकाणी तोडतं, आणि मेंदूत व्यवस्थित पोचतं. दोन्हींची तुलना झालीय आणि सेप्ट्रान मागे पडलेलं नाही. गोळी स्वस्त आहे हा तिचा दोष नाही.

फरक आहे तो डोसमध्ये, आणि इथे खरंच घोळ होतो. घशाला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला देतात तो डोस वेगळा, सीडी४ कमी असताना टॉक्सो आणि एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून देतात ती रोज एक डीएस म्हणजे डबल स्ट्रेंथ गोळी वेगळी, आणि मेंदूत गाठी असतानाचा डोस वजनावर असतो, साठ किलोच्या माणसाला साधारण दोन डीएस गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी. मी असे पेशंट बघितलेत ज्यांना डिस्चार्ज कार्डावर बरोबर लिहिलं होतं पण मेडिकलवाल्याने "एवढ्या कशाला, एक एक घ्या" म्हणून सांगितलं. तुमच्या भावाला किती चालू आहेत ते कार्डावर बघा आणि शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने वाढवूही नका आणि कमीही करू नका. हा मोठा डोस निदान सहा आठवडे चालतो, नंतर कमी करून पुढे बरेच महिने, एआरटीवर म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर सीडी४ दोनशेच्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत. सहा आठवड्यांनी बरं वाटलं म्हणून गोळी सोडली आणि परत फिट घेऊन आला, हे माझ्याकडे अनेकदा झालंय.

ह्या गोळीला जपायचं कुठे तर अंगावर पुरळ. एचआयव्हीत सल्फाची रिॲक्शन जास्त येते, बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. साधं खाजरं पुरळ असेल तर डॉक्टर औषध देऊन निभावून नेतात, पण तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं, ह्यापैकी काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पाणी भरपूर प्यायला लावा. आठवड्याला एकदा सीबीसी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. आणि पायरिमेथामिन चालू झालं तर फोलिनिक ॲसिडच घ्यायचं, फॉलिक ॲसिड नाही, नाव सारखं आहे म्हणून मेडिकलमध्ये हमखास बदलून देतात. फॉलिक ॲसिड परजीवीलाही कामी येतं, म्हणजे आपणच त्याला खाऊ घातल्यासारखं.

मग आता दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. ते वेडे नाहीत दादा. आपल्या देशात एचआयव्हीच्या पेशंटला टीबी होणं इतकं कॉमन आहे की टीबी डोक्यात न आणणारा डॉक्टर मलाच नको. माझा आक्षेप फक्त क्रमाला आहे, आणि त्यातही एकेटीपेक्षा स्टिरॉइडला.

ह्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला निफाड तालुक्यातला एक तरुण आला होता, तुमच्या भावासारखंच चित्र, मी टीबी धरला, एकेटी आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं. चौथ्या दिवशी पोरगा उठून बसला, चहा मागितला, त्याच्या आईने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मला वाटलं निदान बरोबर. पण बरं वाटलं होतं ते स्टिरॉइडने, कारण स्टिरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, मग गाठ कशाचीही असो. तीन आठवड्यांनी स्टिरॉइड कमी करत आणलं आणि तो बेशुद्ध होऊन परत आला, गाठी दुप्पट. तेव्हा कुठे टॉक्सोचं औषध दिलं. वाचला, पण उजवा हात कायमचा कमकुवत राहिला, तो सुतारकाम करायचा. त्या तीन आठवड्यांचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडू शकत नाही.

म्हणून आता माझा नियम असा की जीवावर बेतलं नसेल तर पहिल्या पंधरा दिवसांत स्टिरॉइड नको. टॉक्सोला योग्य डोस लागू पडायचा असेल तर बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच फरक दिसतो, ताप उतरतो, हाताची ताकद वाढते, बोलणं सुधारतं, आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास परत एमआरआय केला की गाठी लहान झालेल्या दिसतात. औषधाला मिळालेला हा प्रतिसाद हीच आमची टेस्ट. स्टिरॉइड मध्ये घातलं की ही टेस्ट बाद होते. लिम्फोमाच्या गाठीही स्टिरॉइडने लहान होतात, पुढे बायोप्सी केली तरी तुकड्यात काही सापडत नाही, आणि मग सगळेच चाचपडत बसतात. हं, पण पेशंट झोपाळलेला असेल, सुजेने मेंदू एका बाजूला सरकलाय असं रिपोर्टमध्ये असेल, उलट्या थांबत नसतील, तर मीसुद्धा स्टिरॉइड देते, तेव्हा टेस्टपेक्षा जीव मोठा, फक्त दिवस मोजून देते आणि कार्डावर लिहून ठेवते की पुढची सुधारणा ह्याचीही असू शकते.

दोन्ही औषधं एकदम का नाही, असं तुम्ही म्हणाल. काही वेळा देतो. छातीच्या एक्स-रेत टीबी दिसला, मानेत किंवा पोटात गाठी असल्या, थुंकीच्या सीबीनॅट ह्या टीबीच्या तपासणीत जंतू सापडला तर एकेटी चालू करायलाच लागते, टॉक्सोच्या औषधासोबत. म्हणून विचारा की छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सीबीनॅट झालंय का. पण मेंदूबाहेर टीबीचा मागमूस नसताना सगळंच एकदम चालू केलं की कावीळ झाली तर कशाने, पुरळ आलं तर कशाने, आणि बरं वाटलं तरी कशाने, काहीच कळत नाही, आणि एकेटी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त गळ्यात पडते. शिवाय एकेटीतलं रिफाम्पिसिन एआरटीतल्या डोल्युटेग्रेव्हिरची रक्तातली पातळी पाडतं, त्यामुळे ती गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. होतं सगळं, पण विनाकारण का?

फिटचंही तेच. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधं एआरटीशी भांडतात, लेव्हेटिरासेटाम भांडत नाही. भावाला कुठलं चालू आहे बघा.

एआरटी लगेच का नाही दिली असा अजून एक प्रश्न तुमच्या मनात येईल. ताकद परत येते तेव्हा शरीर त्या गाठींवर एकदम तुटून पडतं आणि सूज वाढू शकते. टॉक्सो असेल तर उपचार सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत आम्ही एआरटी चालू करतो, त्याहून लांबवत नाही. पण मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल किंवा क्रिप्टोकॉकस ही बुरशी असेल तर महिनाभर तरी थांबावं लागतं, घाई केली तर पेशंट दगावू शकतो. म्हणून सीडी४ शंभराच्या खाली असेल तर रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन टेस्ट केलीच पाहिजे, साधी टेस्ट आहे, राहून जाते. आणि पाठीतलं पाणी मात्र डोक्यातला दाब बघूनच काढायचं, गाठी मोठ्या असतील तर ते धोक्याचं असतं, त्यामुळे "पाठीतलं पाणी का नाही काढलं" म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नका.

पंधरा दिवसांनी फरकच नसेल, किंवा आधीच बिघडत गेला तर? मग टॉक्सोचा हट्ट सोडायचा. गाठ एकच असेल, आयजीजी निगेटिव्ह असेल, किंवा पेशंट आधीपासून रोजची सेप्ट्रान नियमित घेत असेल, तर मी पंधरा दिवससुद्धा थांबत नाही. तेव्हा न्यूरोसर्जनला बायोप्सीबद्दल विचारायचं, पाणी काढणं सुरक्षित असेल तर त्यात ईबीव्ही विषाणूची पीसीआर करायची, ती पॉझिटिव्ह आली तर लिम्फोमाकडे संशय जातो. बायोप्सी म्हटलं की घरचे घाबरतात, पण अंदाजाने वर्षभर चुकीचं औषध खाण्याची भीती मला जास्त वाटते.

आता मांजर. सोडू नका. टॉक्सो मांजरीच्या आतड्यात वाढतो हे खरं, पण मांजर पहिल्यांदा उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन बाधित होते तेव्हा एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात, नंतर सहसा नाही. आणि ताजी विष्ठा लगेच बाधक नसते, त्याला एक ते पाच दिवस लागतात. अंगावर हात फिरवून होत नाही. म्हणजे करायचं एवढंच की घाण रोजच्या रोज उचलायची आणि ती भावाने उचलायची नाही. मांजरीला कच्चं मटण घालायचं नाही. त्यापेक्षा माती आणि भाजी जास्त महत्त्वाची. ही अंडी ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे कायम शाकाहारी असलेल्यांनाही टॉक्सो होतो. कोथिंबीर, मेथी, गाजर, वाहत्या पाण्यात नीट धुवा, आणि मिसळीवर वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर भावाने सध्या बाजूला केलेली बरी. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात तासभर रटरटलेल्या मटणात काही जिवंत राहत नाही, भीती असते ती अर्धकच्च्या कबाबची.

पुतणीला भावाकडून टॉक्सो होणार नाही, तो माणसाकडून माणसाला असा लागत नाही, गरोदरपणात आईकडून बाळाला जातो तेवढं सोडून. पण दादा, पुतणी आणि वहिनी ह्यांची एचआयव्हीची तपासणी झालीय का? तुमच्या पूर्ण प्रश्नात मांजर तीनदा आली आणि वहिनींचा उल्लेख एकदाही नाही. भाऊ किती वर्षांपासून पॉझिटिव्ह आहे माहीत नाही, सीडी४ ४२ व्हायला सहसा काही वर्षं जातात. दोघींची टेस्ट ह्याच आठवड्यात करा, सिव्हिलला मोफत होते, एआरटीही २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे. गावात कळेल ही भीती मला समजते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारताही येत नाहीत. १०९७ वर फोन करून नाव न सांगता बोलता येतं.

जाता जाता, प्रतिसादांत एकांनी विचारलंय की त्यांच्या वडिलांना एचआयव्ही नाही, पण किडनी ट्रान्सप्लांट झालंय, त्यांना हे होतं का. होऊ शकतं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की हाच लव्हाळा फुटतो. पण त्यांच्यासाठी मी अजून एका जंताचं नाव सांगते, स्ट्राँगिलॉइडिस. अनवाणी पायातून शिरतो, आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि जास्त डोसचं स्टिरॉइड चालू झालं की अंगभर पसरतो, जाताना आतड्यातले जीवाणू सोबत घेऊन जातो आणि मेनिंजायटिस करतो. आयुष्यभर ओल्या रानात अनवाणी राबलेल्या माणसाला ट्रान्सप्लांटच्या आधी किंवा लांबलचक स्टिरॉइडच्या आधी ह्या जंताची तपासणी किंवा त्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन देण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि केरळच्या बातम्या वाचून रामकुंडातल्या अमिबाबद्दल विचारणाऱ्यांना: नाकात पाणी जाऊन होणारा तो नेग्लेरिया धडधाकट पोरांनाही होतो, त्याचा ह्या विषयाशी संबंध नाही.

तर दादा, आज पाचवा दिवस आहे. रोज संध्याकाळी एका वहीत लिहा: ताप किती, डावा हात खांद्यापर्यंत वर जातो का, मूठ किती घट्ट, फिट आली का, नाव-गाव-वार बरोबर सांगतो का, अंगावर पुरळ आहे का. चौदाव्या-पंधराव्या दिवसाचा एमआरआय शक्यतो त्याच सेंटरला करा, आणि जाताना पहिल्या एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको, गाठी मिलिमीटरमध्ये मोजून शेजारी शेजारी बघायच्या असतात.